बोर्डाला कार्डाची ओळख पटेना

बुधवारी सकाळी लिफ्टकाकांनी घराचा मेन फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला, कॉम्प्युटरच्या डब्यावर "काम चालू आहे, बटण दाबू नये" अशी पाटी अडकवली, आणि मगच पहिला स्क्रू फिरवला. स्वयंपाकघरात मिक्सर बंद पडला. बाथरूममध्ये कपडे धुण्याचं मशीन भरल्या पाण्यात थांबलं.

"अहो," बाई आतून म्हणाल्या, "नुसती कॉम्प्युटरची पिन काढली असती तरी चाललं असतं."

"पिन कुणीही परत लावतं. फ्यूज माझ्या खिशात असला की कुणाला काही करता येत नाही."

"घरात आपण दोघंच आहोत."

"नियम तो नियम."

बाईंनी वाद घातला नाही. लिफ्टकाकांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. खड्ड्यात उतरण्याआधी फ्यूज काढायचा, तो स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि तसं मोठ्याने सांगायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. म्हणून त्यांची दहाही बोटं जागेवर होती. निवृत्तीनंतर हा नियम घरी आला. टेबलफॅनला तेल घालायचं असलं तरी अख्ख्या घराची वीज जायची. बाई तेवढ्या वेळात भाजी निवडून घ्यायच्या.

कॉम्प्युटर उघडायचं कारण बाईच होत्या. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि कॉम्प्युटरवर विमान चालवायला लागल्या. त्याला खेळ म्हटलेलं त्यांना आवडत नसे. अकरा जणांचा गट होता, दर रविवारी चार वाजता सगळे आपापल्या घरून उडायचे. गटाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. बाई तीन वर्षं सहवैमानिक होत्या, म्हणजे उजव्या खुर्चीत. चाकं खाली घ्यायची, यादी वाचून दाखवायची आणि "हो, कॅप्टन" म्हणायचं. येत्या रविवारी त्यांची परीक्षा होती. एकटीने विमान नेऊन डोंगरातल्या एका धावपट्टीवर उतरवायचं. उतरलं तर डावी खुर्ची. नाही उतरलं तर वर्षभर पुन्हा "हो, कॅप्टन".

नेमकं या महिन्यापासून गटाने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली. बाईंच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, ती आवृत्ती उघडायलाच तयार होईना. बाईंचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं काढून द्यायचा. त्याने स्वतःसाठी नवं कार्ड घेतलं आणि आधीचं, दोन वर्षं वापरलेलं, बहिणीला आणून दिलं.

"ताई, माझा माणूस पाठवतो. अर्ध्या तासात बसवेल."

"माणूस कशाला?" लिफ्टकाका म्हणाले. "मी काय पाहुणा आहे?"

"रविवारी चारला परीक्षा आहे हो," बाई म्हणाल्या.

"अगं, चार मजल्यांची लिफ्ट मी एका दिवसात उभी केलीय."

"तिला उडायचं नव्हतं."

पण लिफ्टकाका तोवर कार्ड हातात घेऊन त्याचं वजन बघत होते. असं वजन बघायला लागले की त्यांना काही ऐकू येत नसे.

कार्ड मनगटापासून कोपरापर्यंत लांब होतं. डबा तेवढा लांब नव्हता. आत हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा होता, त्यावर कार्डाचं टोक आपटत होतं. लिफ्टकाकांनी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा दोन बोटं कमी पडली.

"कार्ड कापता येत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"छे. पिंजरा कापतो."

आतल्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या बोर्डावर, पत्र्याचा चुरा पडू नये म्हणून त्यांनी त्यावर बाईंची अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी ताणून बसवली आणि करवत चालवली. पिंजरा निघाला. हार्ड डिस्क उघडी पडली, ती त्यांनी कापडी पट्टीच्या दोन दोऱ्यांनी डब्याच्या छताला टांगली. हे काम त्यांना इतकं आवडलं की त्यांनी बाईंना बोलावून दाखवलं.

"वरून धरलीय, खालून मोकळी. अगदी लिफ्टसारखी."

"माझी तीन वर्षांची उड्डाणं आहेत त्यात," बाई म्हणाल्या. "मला टोपी परत द्या."

कार्ड खाचेत टचकन बसलं. मग लक्षात आलं की त्याला वीज वेगळी लागते. त्याच्या डोक्यावर आठ भोकांची जागा होती, आणि जुन्या पॉवर सप्लायमधून निघालेल्या वायरींच्या झुबक्यात आठ दात्यांचं एकही टोक नव्हतं. लिफ्टकाकांनी फ्यूज परत बसवला, मशीनमधले कपडे पुन्हा फिरायला लागले, आणि ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकानवाली कपाळाला भिंग बांधून एका तुटलेल्या वायरीला डाग देत होती. तिने मान वर केली नाही.

"बोर्ड किती जुना?"

"चांगला आहे."

"जुना किती, विचारलं."

"आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा घेतला."

"तुमच्या लग्नाला मी नव्हते, काका."

"तेरा वर्षं झाली."

आता तिने मान वर केली. "आणि कार्ड?"

"दोन."

"जमेल का नाही सांगता येत नाही. वयात फार अंतर आहे."

"जमवायचंय. रविवारी चारच्या आत."

तिने नवा पॉवर सप्लाय काढून दिला. तो गुरुवारी बसला. शुक्रवारी सकाळी कळलं की पडद्याची वायर कार्डात जात नाही. पडदाही बोर्डाच्याच वयाचा. त्याचं तोंड रुंद, निळं, पंधरा काड्यांचं. कार्डाला तसलं तोंडच नव्हतं. लिफ्टकाका परत दुकानात गेले. दुकानवालीने काही न विचारता दोघांच्या मध्ये लावायचं एक छोटं कनव्हर्टर पुढे सरकवलं.

"हे लागणार हे परवा माहीत होतं तुम्हाला?"

"माहीत होतं. पण परवा तुम्ही विचारलं नाहीत."

दुपारी सगळं जोडून झालं. बाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. लिफ्टकाकांनी बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावर एक दिवा लागला, आणि डब्यातून आवाज आला. एक लांब, तीन आखूड. पडदा काळाच राहिला. त्यांनी बंद करून पुन्हा लावलं. एक लांब, तीन आखूड.

"लिफ्टमध्ये असा आवाज आला की माणसं जास्त झालीत असं समजायचं," लिफ्टकाका म्हणाले.

"मग एकाला उतरवा."

त्यांनी आवाज वहीत लिहून घेतला आणि फोनवर दुकानवालीला वाचून दाखवला.

"बोर्ड कार्डाला ओळखत नाही," ती म्हणाली. "बोर्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बायोस म्हणतात त्याला. चालू झाल्यावर घरात कोण कोण आहे ते तोच बघतो. तुमचा तेरा वर्षांपूर्वीचा आहे. हे कार्ड तेव्हा जन्मलं नव्हतं."

"पण दोन दिवस एकाच डब्यात आहेत दोघं."

"माणसं वीस वर्षं एका जिन्यावर राहतात, काका, तरी ओळखत नाहीत."

उपाय होता. जुनं कार्ड परत लावायचं, म्हणजे पडद्यावर चित्र येईल. मग पेनड्राइव्हमधून बायोस नवा भरायचा. पाच-सात मिनिटांचं काम.

"फक्त एक," दुकानवाली म्हणाली. "भरत असताना वीज जाता कामा नये. गेली तर बोर्ड संपला. मग मला फोन करू नका."

"वीज कशी जाईल? फ्यूज माझ्याच हातात असतो," लिफ्टकाका म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यांनी जुनं कार्ड लावलं, पेनड्राइव्ह लावला आणि भरायला सुरुवात केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते चालू मशीनच्या उघड्या डब्यासमोर बसले होते. जिवाला बरं वाटेना, म्हणून त्यांनी निदान पाटी तरी अडकवली. पडद्यावर आकडा चढत होता. वीस टक्के. एकतीस. पंचेचाळीस. ते वाकून कधी आकड्याकडे, कधी डब्यात बघत होते.

त्याच वेळी मेहुणा आला. दार उघडंच होतं. दाराच्या आतल्या भिंतीवर फ्यूजची पेटी. समोरच्या खोलीत भाऊजी पाठमोरे, उघड्या डब्यात डोकं घातलेले, शेजारी पाटी, आणि पंख्याची घरघर चालू. मागे एकदा मेहुण्याने या घरात फ्यूज न काढता बल्ब बदलला होता आणि त्यावर भाऊजींनी त्याला जेवण गार होईपर्यंत ऐकवलं होतं. त्याने क्षणाचाही विचार केला नाही. पेटी उघडली, फ्यूज ओढला, खिशात टाकला आणि शिकवल्याप्रमाणे मोठ्याने सांगितलं,

"भाऊजी, घाला हात बिनधास्त. फ्यूज माझ्या खिशात आहे."

पंखे थांबले. पडदा विझला. शेवटचा आकडा बासष्ट होता.

लिफ्टकाका सावकाश वळले. ओरडायला जागाच नव्हती. मेहुण्याने फ्यूज काढला होता, स्वतःच्याच खिशात ठेवला होता आणि तसं जाहीरही केलं होतं. नियमाप्रमाणे शंभरपैकी शंभर.

"माझं काही चुकलं का?" मेहुण्याने विचारलं.

"नाही," लिफ्टकाका म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

हे त्यांनी याआधी कधीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे मेहुणा जास्तच घाबरला.

बाई आतून आल्या. पडद्याकडे बघितलं, भावाच्या हाताकडे बघितलं, तो अजून खिशावरच होता. त्यांना सगळं कळलं. भावावर ओरडतील असं दोघांनाही वाटलं, पण त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या,

"राहू द्या. उजव्या खुर्चीतूनही आकाश दिसतंच की."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की लिफ्टकाकांना करवत स्वतःवर चालवावीशी वाटली. बाई रुसल्या की त्यांना काय करायचं ते माहीत होतं. बाईंनी समजून घेतलं की मात्र त्यांना काही सुचत नसे.

फ्यूज परत लागला. बटण दाबलं. पंखे फिरले, पण आवाज नाही, चित्र नाही. आता बोर्ड जुन्या कार्डालाही ओळखेना. लिफ्टकाकांनी दुकानवालीला फोन लावला.

"मी सांगितलं होतं फोन करू नका."

"म्हणूनच केला. बासष्ट टक्क्यांवर वीज गेली."

"कशी गेली?"

"घरच्या माणसाने काळजी घेतली."

ती म्हणाली, "बोर्डावर गोल बॅटरी आहे ना, तिच्याजवळ बघा. काळ्या रंगाची, आठ पायांची चिप. एक आहे का शेजारी-शेजारी दोन?"

बाईंनी नकाशे बघायचं भिंग आणून दिलं. मेहुण्याने टॉर्च धरला. लिफ्टकाकांनी एक डोळा मिटून बघितलं.

"दोन आहेत."

"नक्की?"

"पाय मोजले. सोळा."

"मग नशीब चांगलं आहे. त्या काळातल्या काही बोर्डांवर बायोसची एक राखीव प्रत ठेवायचे. पहिली बिघडली की दुसरी उठते. बंद करा, दहा मोजा, चालू करा. आणि कृपा करून कुणीही कशालाही हात लावू नका."

लिफ्टकाकांनी दहा मोजले. बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. मग काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटली: मूळ प्रत बिघडली आहे, राखीव प्रतीवरून भरत आहे.

"राखीव ब्रेक," लिफ्टकाका हळूच म्हणाले. "अगं, प्रत्येक लिफ्टला असतो. दोर तुटला तरच लागतो. तेरा वर्षं बिचारा काही न बोलता बसून होता."

"माणसांतही असतात तसे," बाई म्हणाल्या, पण कोणाबद्दल ते सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा भरताना बंदोबस्त कडक होता. मेहुण्याला खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात मांडीवर. बाई फ्यूजच्या पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, हातात शाळेतली नकाशा दाखवायची काठी.

"ताई, मी पाणी पिऊ का?"

"सत्तर टक्के होऊ दे."

बासष्ट आले. त्रेसष्ट आले. शंभर झाल्यावर मेहुण्याला पाणी मिळालं, आणि त्याबरोबर लाडूही मिळाला, कारण तसं बघितलं तर त्याची खरंच काही चूक नव्हती.

रविवारी सकाळी नवं कार्ड परत खाचेत बसलं. बटण दाबलं. एकच आवाज आला, आखूड, घसा साफ केल्यासारखा. पडद्यावर चित्र होतं. लिफ्टकाका त्याच्याकडे बघतच बसले.

"ओळखलं एकदाचं," ते म्हणाले.

मग कार्डाचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता, त्याला दुपार गेली. नंतर विमानाचा प्रोग्रॅम म्हणाला की त्यालाही थोडं काही उतरवायचं आहे. साडेतीन वाजता तो अजून उतरवतच होता. बाईंनी इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट केले आणि पावणेचारला येऊन बसल्या. कुणी त्यांना बघणार नव्हतं, पण परीक्षा होती. चारला सहा मिनिटं असताना विमान धावपट्टीवर उभं राहिलं.

बाईंनी आवाज स्पीकरवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला. ते नेहमी समोरच्याचं तोंड उघडं असल्यासारखे बोलत, उत्तराची वाट न बघता.

"बाई, तयार? छान. दुखणार नाही. निघा."

विमान उठलं. खाली धावपट्टीच्या कडेचं गवत वाऱ्यावर हलत होतं. तळ्यात आकाश दिसत होतं. रस्त्यावरून एक ट्रक चालला होता.

"अगं, त्याची चाकं फिरतायत," लिफ्टकाका म्हणाले. "बघ तरी. प्रत्येक चाक वेगळं फिरतंय."

"मी वेग बघतेय."

"तो माझ्या पॉवर सप्लायवर फिरतोय."

परीक्षा बघायला आलेला मेहुणाही कौतुकाने पुढे वाकला, अजूनही हात मांडीवर ठेवूनच. अशी दोन मिनिटं गेली. मग पडद्याच्या कडा पांढुरक्या झाल्या, तळं गेलं, ट्रक गेला, आणि बघता बघता सगळा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पडला. खाली घड्याळांसारख्या तबकड्या तेवढ्या दिसत होत्या.

लिफ्टकाका उठले आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"फ्यूज काढतो. चित्र गेलं. कार्ड तापलं असणार."

"बसा. ढग आहे."

"कसला ढग?"

"ढग. मी ढगात शिरलेय."

लिफ्टकाका परत आले आणि त्यांनी पडद्याला नाक लावलं. "हा सगळा?"

"हा सगळा. बाजूला व्हा, मला उंची दिसत नाहीये."

ते बसले. पांढरं तसंच राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मेहुणा कौतुकाने म्हणाला, "भाऊजी, क्वालिटी बघा. कुठे एक ठिपका नाही."

"बाई, काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही, कॅप्टन."

"उत्तम. तसंच राहू द्या."

"डोंगर कुठे आहे?" लिफ्टकाकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"डावीकडे."

"दिसत नाही."

"आहे तिथेच. तीस वर्षं मुलांना दाखवलाय मी तो."

लिफ्टकाकांनी आपली खुर्ची नकळत थोडी उजवीकडे सरकवली.

बाई तबकड्यांवरची नजर हलवत नव्हत्या. विमान खाली येत होतं, निदान काटा तसं सांगत होता. दोनशे फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तर उतरायचं नाही, परत वर जायचं आणि परीक्षा संपली, असा नियम असल्याचं त्यांनी दोघांना सांगून ठेवलं होतं. लिफ्टकाका आकडे पुटपुटत होते. चारशे. तीनशे वीस. पांढरं. दोनशे ऐंशी. पांढरं. दोनशे तीस. बाईंचा हात वर जाण्याच्या दांड्यावर गेला.

दोनशे दहावर पांढऱ्यातून पिवळ्या दिव्यांच्या दोन रांगा वर आल्या, बरोबर मधोमध, आखून ठेवल्यासारख्या. बाईंनी दांड्यावरचा हात काढला. विमान टेकलं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं आणि धावत गेलं.

"उडी मारलीत, बाई."

"हो, कॅप्टन."

"आता मला कॅप्टन म्हणायचं बंद करा. तुम्हीही तेच आहात. पुढच्या रविवारी डावीकडे बसा. उजवीकडे मी बसतो, तेवढीच जरा विश्रांती."

बाईंनी समोरचा माईक बाजूला सरकवला. विमान धुक्यात उभं होतं आणि त्यांचे कान लाल झाले होते. मेहुण्याने विचारलं, आता हात हलवले तर चालतील का.

"हे ढग जुन्या कार्डावर नव्हते?" थोड्या वेळाने लिफ्टकाकांनी विचारलं.

"नव्हते. त्याला काढताच यायचे नाहीत. कायम स्वच्छ ऊन."

"म्हणजे सगळं दिसायचं."

"सगळं."

लिफ्टकाकांनी मनात हिशेब केला. कापलेला पिंजरा, टांगलेली हार्ड डिस्क, आठ दात्यांची वायर, पंधरा काड्यांचं तोंड, सोळा पाय, दोनदा भरलेला बायोस. "म्हणजे पाच दिवस मी जे केलं, ते तुला काही दिसू नये म्हणून."

"हो," बाई म्हणाल्या, आणि तोंडभर हसल्या. "आणि काही म्हणजे काही दिसलं नाही हो. इतकं चांगलं काम मी आजवर बघितलं नाही."

लिफ्टकाकांनी मान डोलावली. मग खुर्ची पुढे ओढून ते पडद्यासमोर नीट बसले.

"परत यायचं असेल ना आता?"

"यायला पाहिजे. का?"

"नाही, सहज विचारलं," ते म्हणाले. "येताना पण आहे का ढग?"